जोगतीण, जोगता आणि कायदा

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा ऊर्फ रेणुका या देवीचे जे ठाणे आहे, त्याच्या भक्तांनी भाषेच्या किंवा राज्याच्या सीमा कधीच फारशा मानलेल्या नाहीत. धारवाड, विजापूर, बल्लारीकडून जसे लोक तिथे येतात तसेच कोल्हापूर, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतूनही पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. या देवीला माणसे वाहण्याची, बोलीत सांगायचे तर ‘देवीला सोडण्याची’, जी चाल या टापूत रूढ झाली तिच्यातून दोन प्रकारचे उपासक निर्माण झाले. मुलगी म्हणून जन्मलेली आणि बहुधा लहानपणीच देवीला सोडलेली ती जोगतीण. मुलगा म्हणून जन्मलेला, पण देवीने धरले या समजुतीने लुगडे नेसून, बांगड्या भरून, केस वाढवून तिची सेवा करणारा तो जोगता. कानडी मुलखात यांनाच जोगम्मा किंवा जोगती आणि जोगप्पा म्हणतात. दोघांच्या डोक्यावर तोच जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली किंवा घागर. दोघांच्या हातात तीच परडी, गळ्यात त्याच कवड्या, आणि दोघांचा निर्वाह जोगव्यावर, म्हणजे देवीच्या नावाने दारोदार मागितलेल्या भिक्षेवर. असे असूनही गेल्या शंभर वर्षांत सुधारकांनी, विधिमंडळांनी, स्त्री-संघटनांनी आणि न्यायालयांनी या दोघांकडे इतक्या वेगवेगळ्या नजरेने पाहिले, की जोगतिणीच्या वाट्याला निर्मूलनाचा कायदा आला आणि जोगत्याच्या वाट्याला हक्करक्षणाचा. स्त्रीवाद आणि पारलिंगी ओळख यांच्या संबंधाचा भारतीय इतिहास या फाळणीत जितका स्पष्ट दिसतो तितका तो परिसंवादांच्या अहवालांत दिसत नाही. (जन्मावेळी शरीर पाहून ठरवलेले लिंग आणि स्वतःची जाणीव ज्यांच्या बाबतीत जुळत नाही, अशा व्यक्तींसाठी ‘पारलिंगी’ हा शब्द अलीकडे रूढ झाला आहे.)

या परंपरेचा विचार रेणुकेच्या कथेपासून करावा लागतो. जमदग्नी ऋषींची पत्नी रेणुका नदीवर पाणी आणायला गेली असता जलक्रीडा करणाऱ्या पुरुषाकडे तिचे मन क्षणभर वळले, एवढ्या अपराधासाठी तिचा शिरच्छेद करण्याची आज्ञा ऋषींनी आपल्या मुलांना दिली. थोरल्यांनी ती नाकारली, परशुरामाने पाळली, हा भाग पुराणांतही येतो. लोककथा मात्र पुढे जाते. तिच्या काही रूपांत नकार देणाऱ्या मुलांचे पुरुषत्व बापाच्या शापाने नष्ट होते, आणि जोगते आपले नाते त्यांच्याशी सांगतात; अन्य काही रूपांत रेणुकेला पुन्हा जिवंत करताना तिचे मस्तक मातंगीच्या, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीतील स्त्रीच्या, धडाशी जोडले जाते. आईवर शस्त्र उचलायला जो मुलगा तयार होत नाही तो पुरुष उरत नाही, आणि पतीच्या रोषाला बळी पडलेली उच्चकुळातील स्त्री पुन्हा उभी राहते ती दलित स्त्रीच्या देहावर: कथेतले हे दोन्ही बदल स्त्रीचे पावित्र्य, पुरुषाची सत्ता आणि जात यांचा एकमेकांत किती गुंता आहे हे उघड करतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला, जिला या भागात रांडाव पुनव म्हणतात, जमदग्नीच्या वधामुळे देवी विधवा होते आणि तिच्या बांगड्या फुटतात. काही काळाने तिला पुन्हा सौभाग्य मिळते. देवीशी बांधले गेलेले उपासकही तिच्याबरोबर हे वैधव्य आणि हे सौभाग्य भोगतात, आणि त्यात जोगतीण व जोगता असा भेद केला जात नाही.

भेद आहे तो या वाटेवर येण्याच्या रीतीत. घरात मुलगा नाही, आजार हटत नाही, मुलीच्या केसांत जट झाली, पाऊस पडत नाही, अशा कारणांवरून आईबाप मुलीला देवीला सोडत. तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे ‘दर्शन’ बांधले, की तिचे लग्न देवीशी लागले असे मानले जाई आणि माणसाशी लग्न करण्याची वाट कायमची बंद होई. वयात आल्यावर एखाद्या पुरुषाशी तिचा संबंध जोडून दिला जाई, त्याला झुलवा म्हणतात. या संबंधाला ना कायद्याचा आधार होता ना टिकण्याची हमी, आणि त्यातून पुढे मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्तीपर्यंत जाणारी वाट अनेकींच्या वाट्याला आली. या मुली बहुसंख्येने महार, मांग, होलेया, मादिग अशा दलित जातींतल्या होत्या. जोगत्याचे तसे नव्हते. तो बहुधा पौगंडावस्थेत किंवा त्यानंतर या वाटेला लागे: मुलगा बायकी चालतो, पुरुषी कामात रमत नाही, त्याच्या अंगात वारे येते, आजारपण सरत नाही, आणि मग कोणीतरी जाणता सांगतो की ही देवीची खूण आहे. मुलाचे वागणे घराण्याला लाज आणणारे होते तोवर त्याला मार पडे. तेच वागणे देवीचे ठरले, की त्याच घरातले लोक त्याच्या पाया पडत. जोगते अनेक जातींतून येतात. लिंगायत, धनगर, व्यापारी अशा सर्व थरांतली मुले त्यांच्यात सापडतात. ते गुरूकडे शिष्य म्हणून राहतात, चौंडके-तुणतुणे वाजवायला आणि जग डोक्यावर तोलून नाचायला शिकतात, आणि हिजडा समाजात ज्याला निर्वाण म्हणतात ती लिंगच्छेदाची क्रिया त्यांच्यात परंपरेने केली जात नाही.

एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. लिंगभाव, म्हणजे शरीराच्या भेदावर समाजाने रचलेले स्त्रीपण आणि पुरुषपण, फक्त जोगताच ओलांडत होता असे नाही. देवीला सोडलेली मुलगी बापाच्या घरातच राही, बापाच्या मिळकतीवर मुलासारखा हक्क सांगे, म्हाताऱ्या आईबापांना पोसे, आणि तिच्या मुलांना तिच्याच घराचे नाव लागे. मुलगा नसलेल्या घराने मुलीला देवीला सोडण्यामागचा व्यवहार हाच होता, की लग्न न झालेली मुलगी घराचा मुलगा होते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लुसिंडा रॅम्बर्ग यांनी यल्लम्माच्या उपासकांवरील २०१४ सालच्या ग्रंथात नातेसंबंधांची ही बाजू विस्ताराने मांडली आहे. अंगावर लुगडे आणि घरात मुलाची जागा, हे जोगतिणीचे स्थान. अंगावर लुगडे, पण मुलाची जागा सोडलेली, हे जोगत्याचे. यात कोणत्या तरी प्राचीन मोकळेपणाचा पुरावा शोधणे हे भाबडेपणाचे होईल, कारण सोडलेल्या मुलीला निवड नव्हती आणि जोगत्याला मिळणारा मान देवीच्या कोपाच्या भीतीवर उभा होता. पण स्त्री व पुरुष या दोनच ठरीव जागांच्या बाहेर जगण्याची एक रीत इथे होती, आणि ती दोघांना मिळून होती, एवढे मान्य करावे लागते.

सुधारणेच्या युगाने या रीतीतील फक्त जोगतिणीकडे पाहिले. म्हैसूर संस्थानाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस सरकारी देवस्थानांतील देवदासींची, म्हणजे देवाला वाहिलेल्या स्त्रियांची, सेवा बंद केली. मुंबई इलाख्यात विठ्ठल रामजी शिंदे यांनी खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्यांचा प्रश्न हाती घेतला. १९२० साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात जोगतिणी आणि मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मद्रासच्या विधिमंडळात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९२०च्या दशकाच्या शेवटी लढवलेला प्रश्न १९४७च्या कायद्याने तडीस गेला. त्याआधी १९३४ साली मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा आला होता, ज्याने मुलीचे देवाला अर्पण बेकायदा ठरवले आणि अर्पिलेल्या स्त्रीने केलेले लग्न वैध मानले जाईल अशी तरतूद केली. या सर्व कायद्यांत अर्पण म्हणजे स्त्रीचे अर्पण. ज्या विधीने मुलाला लुगडे नेसवून देवीच्या हवाली केले जाई तो कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिला, आणि हे केवळ मसुदा करणाऱ्याच्या नजरचुकीने घडले असे म्हणता येत नाही. सुधारकांपुढे जो प्रश्न होता तो स्त्रीला विवाहाच्या, गृहिणीपदाच्या आणि प्रतिष्ठेच्या कक्षेत परत आणण्याचा होता. जोगतिणीचे दुःख त्या चौकटीत मांडता येत होते, जोगत्याचे येत नव्हते, कारण त्याला परत आणायचे म्हणजे कुठे आणायचे याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, जोगतिणी, पोतराज, भुते, आराधी अशा देवाच्या नावावर जगणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या सभेत जे भाषण केले ते या पार्श्वभूमीवर लक्षणीय आहे. त्यांनी धंदा सोडण्याचे आवाहन केले ते अस्पृश्य समाजाच्या स्वाभिमानाच्या नावाने. आणि सभेची बांधणी पाहता त्यांच्या समोर केवळ स्त्रिया नव्हत्या. जातीचा धागा धरला की देवीला सोडलेली बाई आणि केस वाढवून, झालरीचा घेर नेसून कोरडा ओढणारा पोतराज एकाच रांगेत दिसतात; स्त्री-उद्धाराचा धागा धरला की रांगेतले अर्धे लोक गळतात. पुढच्या चार दशकांत दुसराच धागा प्रबळ ठरला.

त्याच्या कितीतरी आधीपासून वसाहती राज्यसत्तेची जोगत्यासारख्यांकडे पाहण्याची रीत वेगळ्याच दिशेने घडत होती. मराठा राजवटीत दख्खनमधील हिजड्यांना सनदा आणि वतने मिळत, बाजारात ठराविक हक्क वसूल करण्याचा अधिकार असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई सरकारने असे हक्क अनैतिक ठरवून त्यांना असलेला पाठिंबा काढून घेतला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने तर स्त्रीवेशात सार्वजनिक जागी नाचणे-गाणे हाच हिजड्यांसाठी गुन्हा केला. त्या भागाची अंमलबजावणी प्रामुख्याने उत्तरेच्या प्रांतांत झाली आणि सौंदत्तीच्या डोंगरावर तिचा थेट परिणाम झाल्याचे दिसत नाही. पण पुरुषदेहावरचे लुगडे ही पोलिसांची बाब आहे, ही समजूत इंग्रजी शिकलेल्या वर्गात रुजली ती याच काळात. म्हणजे त्याच सरकारने जोगतिणीला संरक्षणाचे पात्र मानले आणि तिच्या शेजारी चौंडके वाजवणाऱ्याच्या जातकुळीतल्यांना संशयाचे.

स्वातंत्र्यानंतर कायदे होते तरी प्रथा चालूच राहिली, आणि १९७५ साली गडहिंग्लजला झालेल्या देवदासी परिषदेने या प्रश्नाला नवे वळण दिले. डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानाशी जोडलेले कार्यकर्ते, गडहिंग्लजचे प्रा. विठ्ठल बन्ने, पुढे निपाणीच्या परिसरातील कामगार चळवळीतील मंडळी यांनी जोगतिणींना श्रोत्या म्हणून नव्हे, तर बोलणाऱ्या म्हणून समोर आणले. निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायांमध्ये अनेक देवदासी होत्या, त्यामुळे मजुरी, घर आणि मुलांच्या बापाचे नाव हे प्रश्न एकाच मोर्चात आले. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाने देशभर जी हालचाल सुरू झाली होती तिला इथे जात आणि शेतमजुरी यांचे खडखडीत वास्तव भेटले, आणि महाराष्ट्रातील स्त्रीमुक्तीच्या विचाराला शहरी मध्यमवर्गाबाहेर काढण्यात या सीमाभागातील चळवळीचा वाटा मोठा आहे. त्याचे श्रेय तिला अजून पुरते मिळालेले नाही. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी अर्पणाला बंदी करणारा नवा कायदा केला आणि त्यात अर्पिलेल्या स्त्रीची संमती होती की नव्हती हा मुद्दा गैरलागू ठरवला. आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत ही तरतूद अगदी रास्त होती. प्रौढ माणसाने स्वतःहून देवीचे होणे या शक्यतेचा विचार मात्र तिने बंद करून टाकला.

१९८३ या एकाच वर्षात प्रसिद्ध झालेले दोन लेख त्या काळच्या अभ्यासाची फाळणी दाखवतात. गेल ऑम्व्हेट यांनी ‘मानुषी’ या स्त्रीवादी नियतकालिकात देवदासी प्रथा आणि तिच्याविरुद्धचा लढा यांवर लिहिले. निकोलस ब्रॅडफर्ड यांनी अमेरिकेतील एका मानववंशशास्त्रीय नियतकालिकात यल्लम्माच्या पंथातील पारलिंगी उपासकांवर, म्हणजे जोगप्पांवर लिहिले. पहिल्या लेखाचा विषय शोषण आणि संघटन हा होता, दुसऱ्याचा उष्णता, कामेच्छा आणि आजार यांविषयीच्या लोकसमजुती हा. जोगतीण राजकारणाचा विषय झाली, जोगता कर्मकांडाचा. एकीला चळवळ मिळाली, दुसऱ्याला शास्त्रीय कुतूहल. दोन्ही लेख आपापल्या जागी मोलाचे आहेत, पण त्यांचे वाचक एकमेकांचे वाचक नव्हते.

मराठी साहित्य या बाबतीत चळवळीपेक्षा अधिक डोळस होते. राजन गवस यांनी ‘चौंडकं’मध्ये जोगतिणीचे आणि ‘भंडारभोग’मध्ये जोगत्याचे जगणे कादंबरीचा विषय केले, म्हणजे एका लेखकाने दोघांचाही हिशोब मांडला, तर उत्तम बंडू तुपे यांच्या ‘झुलवा’ने आणि तिच्या नाट्यरूपाने हे जग शहरी प्रेक्षकांसमोर आणले. गवसांच्या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांच्या आधारे राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि जोगता हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. चित्रपटाचे सामर्थ्य निर्विवाद आहे, पण त्याने केलेली निवडही लक्षात घेतली पाहिजे. त्यातील नायकाला लुगडे बळजबरीने नेसवलेले आहे, आत तो पुरुष आहे, आणि त्याची सुटका म्हणजे पुरुषपण व प्रेयसी परत मिळणे. असे बळजबरीचे जोगते होते आणि त्यांचे दुःख खरे होते. परंतु ज्याला लुगड्यातच आपले रूप सापडले, ज्याला देवीच्या नावाशिवाय ते नेसण्याची मुभा कोणीच दिली नसती, त्या जोगत्याला या कथेत जागा नाही; सुधारणेच्या कल्पनाशक्तीला जे दिसत नव्हते ते चित्रपटालाही दिसले नाही.

पश्चिमेत स्त्रीवाद आणि पारलिंगी स्त्रिया यांच्यातला वाद १९७०च्या दशकातच पेटलेला होता, आणि त्याचे स्वरूप वेगळे होते. जेनिस रेमंड यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात शस्त्रक्रियेने स्त्री झालेल्या व्यक्ती या स्त्रियांच्या चळवळीत शिरलेले पुरुषच होत असा आरोप केला. त्यात ज्यांच्यावर नाव घेऊन टीका केली होती त्या सॅंडी स्टोन यांनी पुढे दिलेल्या उत्तरातून पारलिंगी अभ्यासाची स्वतंत्र शाखाच उभी राहिली. तिथे भांडण होते ते स्त्रियांनी स्वतःसाठी राखलेल्या जागांवर, मग ते संगीत महोत्सव असोत, आश्रयगृहे असोत की संघटना. भारतात स्त्रियांच्या अशा जागाच मुळात थोड्या होत्या. मुंबईत मथुरा बलात्कार प्रकरणानंतर १९८० साली उभ्या राहिलेल्या बलात्कारविरोधी मंचाचे पुढे स्त्री अत्याचारविरोधी मंचात रूपांतर झाले, आणि १९९५ साली स्थापन झालेल्या ‘स्त्री संगम’ या गटाने, जो नंतर लेबिया या नावाने ओळखला जाऊ लागला, स्त्रीवादी चळवळीतच राहून लैंगिकतेचा आणि पुढे लिंगओळखीचा प्रश्न लावून धरला. स्वायत्त स्त्री-संघटनांच्या २००६ सालच्या कोलकाता परिषदेत पारलिंगी व्यक्तींच्या सहभागाचा मुद्दा उघडपणे चर्चेला आला. दिल्लीतील बलात्काराच्या घटनेनंतर न्या. वर्मा समितीने २०१३ साली पीडित व्यक्ती कोणत्याही लिंगाची असू शकते अशी शिफारस केली, आणि आरोपी पुरुषच असेल पण पीडित पारलिंगीही असू शकेल, असा कायदा व्हावा हा आग्रह अनेक स्त्री-संघटनांनी धरला. संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात पीडित केवळ स्त्रीच राहिली.

या सगळ्या वादांपासून दूर, सांगलीच्या गोकुळनगरसारख्या वस्त्यांत एक निराळीच जुळणी झालेली दिसते. एड्सच्या साथीच्या काळात १९९२ साली सुरू झालेल्या संग्राम या संस्थेच्या कामातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही वेश्याव्यवसायातील स्त्रियांची संघटना उभी राहिली. तिच्यात सीमाभागातून आलेल्या जोगतिणी मोठ्या संख्येने होत्या, आणि पुढे या व्यवसायातील पुरुष व पारलिंगी व्यक्तींची मुस्कान ही संघटना तिच्या शेजारी आकाराला आली. कंडोमवाटप, पोलिसांची मारहाण, रेशनकार्ड, मुलांचे शिक्षण या रोजच्या प्रश्नांवर दोन्ही संघटना एकत्र उभ्या राहिल्या. स्त्री कोण हा प्रश्न त्यांना आधी सोडवावा लागला नाही, कारण दोघांवर हात उचलणारा पोलीस एकच होता. त्याचबरोबर, देवदासी निर्मूलनाच्या जुन्या कार्यकर्त्यांना ही भूमिका पटणे अवघड होते, कारण वेश्याव्यवसाय हे काम आहे असे मानले, तर ज्या प्रथेने मुलींना त्यात ढकलले तिच्याविरुद्धच्या लढ्याची धार बोथट होते, अशी त्यांची धास्ती होती. आणि ती धास्ती निराधार म्हणता येत नाही. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा केला तोही याच जुन्या धारेतला होता, आणि त्यातही देवदासी म्हणजे देवाला वाहिलेली स्त्री.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क आहे असे म्हटले. देशातील निरनिराळ्या समुदायांचे वर्णन करताना न्यायालयाने जोगता आणि जोगती यांचा उल्लेख एकाच परिच्छेदात केला, जोगतीला देवदासीही म्हणतात हे नोंदवले, आणि सर्वच जोगते पारलिंगी नसतात, काही जण केवळ पूजेच्या वेळी स्त्रीवेश घेतात, हेही सांगितले. परंपरेचे खरे रूप कायद्याच्या भाषेत याहून नेमके क्वचितच उतरले असेल. पाच वर्षांनी, २०१९ साली संसदेने केलेल्या पारलिंगी व्यक्ती हक्करक्षण कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्या जोडीला जोगता हा शब्द आला. परिच्छेदातली जोगती आणि तिच्याबरोबरचे बारकावे मागे राहिले. कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यांतला शब्द केंद्रीय कायद्यात पोचला, ही घटना लहान नव्हे. मात्र संमत झालेल्या त्या रूपात पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची होती, तर स्त्रीवरील बलात्काराला किमान शिक्षा दहा वर्षांची. एकाच जत्रेहून परतणाऱ्या जोगतिणीवर आणि जोगत्यावर सारखाच अत्याचार झाला, तर न्यायालयासमोर ते दोन वेगळ्या वजनाचे गुन्हे ठरत होते.

मोजणीतही हीच फाळणी दिसते. कर्नाटकात १९९३-९४च्या सरकारी पाहणीत २२,८७३ देवदासी नोंदवल्या गेल्या आणि त्या आधारावर निवृत्तिवेतन, घरे, कर्जे यांच्या योजना आखल्या गेल्या. ती गणना स्त्रियांची होती. २०११च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ अशी नोंद करण्याची सोय झाली तेव्हा महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्ती त्या रकान्यात आल्या. त्यांत जोगते किती हे त्या आकड्यातून कळत नाही, आणि पुरुष म्हणून नोंद झालेले जोगते किती हे तर मुळीच नाही. दरम्यान कलेच्या मार्गाने मात्र जोगत्यांना सरकारदरबारी जागा मिळाली. बल्लारी जिल्ह्यातील मंजम्मा जोगती या पारलिंगी लोककलावंत २०१९ साली कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जग डोक्यावर घेऊन केलेले जोगती नृत्य ही त्यांची कला, आणि ती शिकवणारी परंपरा तीच, जिच्यात मुलींना सोडणे गुन्हा आहे.

स्त्रीवादी अभ्यासकांपुढे आज जी अडचण आहे ती म्हणूनच तात्त्विक कमी आणि व्यवहारी जास्त आहे. जोगतिणीच्या बाबतीत मुख्य प्रश्न जातीचा, बालपणीच्या सक्तीचा आणि देहावर दुसऱ्याने सांगितलेल्या हक्काचा आहे, आणि तिथे निर्मूलनाचा आग्रह सोडण्याचे कारण नाही. जोगत्याच्या बाबतीत सक्ती अनेकदा उलट बाजूने येते: त्याला देवीकडे ढकलण्यापेक्षा, देवीशिवाय जगू न देण्याच्या रूपाने. ज्या गावात मुलाने साधे लुगडे नेसले तर त्याचे हातपाय मोडले जातील, तिथे देवीचा आसरा ही निवड म्हणावी की नाही, याचा निर्णय संमतीच्या साध्या व्याख्येने होत नाही. हे दोन प्रश्न एका देवळात उभे असल्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याला लावण्याचा मोह दोन्ही बाजूंना पडत आला आहे; सुधारणावाद्यांना जोगत्याचे स्त्रीपण अंधश्रद्धेचे फळ वाटते, तर ओळखीच्या राजकारणातील काहींना संपूर्ण परंपराच उदार वाटू लागते.

कायद्याच्या पातळीवर हा गुंता आता आणखी पुढे गेला आहे. पूर्वी जोगते शस्त्रक्रिया करून घेत नसत. अलीकडे हिजडा घराण्यांशी संबंध आलेले, मुंबई-बेंगळुरूत राहिलेले जोगते ती करून घेऊ लागले आहेत. २०१९च्या कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर अशी व्यक्ती जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून स्त्री म्हणून सुधारित प्रमाणपत्र मिळवू शकते. असे प्रमाणपत्र मिळालेल्या प्रौढ व्यक्तीच्या गळ्यात गडहिंग्लज तालुक्यातील एखाद्या गुरूने दर्शन बांधले, तर २००५च्या कायद्याच्या दृष्टीने ते देवीला स्त्री वाहणे होते का, गुरू गुन्हेगार ठरतो का, आणि देवदासींसाठी असलेल्या घरकुल व निवृत्तिवेतनाच्या योजना त्या व्यक्तीला लागू होतात का, या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील, आणि ते लिहिताना कोणीही तसे वाचले नव्हते.